वैद्यांच्या गावातलं गाळलेलं नाव

सूर्य उगवून बरोबर दोन घटका झाल्या होत्या, तेव्हा हे सुरू झालं. ही गोष्ट फार पूर्वीची, वैद्यांच्या एका गावातली. तिथल्या थोरल्या वैद्यांच्या दारात एक आई आली. कडेवर दीड वर्षाची लेक, अंग तव्यासारखं तापलेलं.

"वैद्यबुवा, रात्रीपासून डोळे उघडत नाही हो ही."

त्या गावाची एक रीत होती. पोथीत औषध लिहिलं की त्याखाली 'आधार' लिहायचा, म्हणजे ते कुणी शोधलं त्याचं नाव. पुढे काही अडलं तर त्या माणसाला विचारता यावं म्हणून.

वैद्यांनी पोथी उघडली. कडक तापावर तापमुळीचा काढा, मोठ्या माणसाला अर्धी वाटी. लहान लेकराला किती, ते लिहिलंच नव्हतं. आणि तापमुळी जास्त झाली तर जीव घेते. खाली आधार होता, डोंगरापलीकडचे महाशास्त्री.

"विचारून येतो, तोवर हिला ओल्या फडक्याने पुसत राहा," म्हणून वैद्यांनी घोडा काढला.

आईने पुसायचं तरी किती? फडकं भिजवलं की लगेच गरम व्हायचं.

तिकडे महाशास्त्री ती ओळ वाचून बघतच राहिले. म्हणाले, "तापमुळी? मी ते झाड पाहिलंसुद्धा नाही. माझं नाव कुणी घातलं?"

दिवस कलताना वैद्य रिकाम्या हातांनी परतले. त्यांची बायको म्हणाली, "अहो, तापमुळी तर भिवराबाईंची. नऊ वर्षं रानात फिरून शोधली त्यांनी. पाणवठ्यावर विचारा कुणालाही."

"मग पोथीत तसं का नाही?"

"मामंजींनी बदललं. म्हणाले, बाईचं नाव वाचून औषध घेईल कोण? त्यावरून सगळ्यांनी नकला केल्या."

वैद्य तसेच धावले. भिवराबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, ओसरीवर मुळ्या निवडत बसल्या होत्या.

"माझं घर मधल्या आळीत आहे, वैद्यबुवा. डोंगर कशाला चढलात?" एवढंच बोलून त्या उठल्या. "लेकराला दोन थेंब, आईच्या दुधातून. विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, पण मला विचारायला आलंच नाही कुणी."

पहाटे ताप उतरला. लेक वाचली. पण वाया गेलेल्या त्या दिवसाने तिचा उजवा कान कायमचा नेला. आई त्या बाजूने हाक मारून मारून बघत होती.

वैद्यांनी सगळ्यांसमोर पोथीतली ओळ खोडली आणि लिहिलं, आधार: भिवराबाई.

"आता पोथीत बायका? उद्या लाटण्याचीही पूजा करा," एक वैद्य हसला.

थोरले वैद्य म्हणाले, "हसून घ्या. मग आपापल्या पोथ्या घेऊन घरच्या बायकांपुढे बसा. कुठल्या ओळीखाली खरं कोण आहे, ते विचारा."

चार दिवस गावात तेच चाललं होतं. हसणाऱ्या वैद्याच्या पोथीत आठ नावं बदलली. त्यातलं एक त्याच्या आईचं होतं.

तात्पर्य: ज्याचं ज्ञान त्याचंच नाव लिहावं. बाईचं म्हणून नाव गाळलं, तर अडल्या वेळी विचारायला दारच सापडत नाही.

ज्यांच्या घरात शिकणाऱ्या मुली आहेत, आणि मुलगेही, त्यांना ही गोष्ट नक्की पाठवा. मला ही शेजारच्या अनुसयाकाकूंनी सांगितली. पुढे सांगताना त्यांचं नाव तेवढं घ्या.