पडद्यामागचे पंच

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी, कारण ही खोड मोठ्यांनाच असते.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. त्या गावाला आपल्या न्यायाचा भारी अभिमान. तिथले पंच एका जाड पडद्यामागे बसायचे. गरीब कोण, श्रीमंत कोण, कुणाच्या खांद्यावर शेला आणि कुणाच्या अंगावर ठिगळं, हे पंचांना दिसू नये म्हणून ही सोय केली होती.

कल्पना चांगलीच होती हो! पण डोळे झाकले तसे पंच कानांनी माणसं पारखू लागले. आवाज भरदार असला की माणूस खरा. बारीक असला की संशय. आणि एखादा पुरुष हेल काढून नाजूक बोलला, की पडद्यामागे खसखस पिकायची.

"हा तसला दिसतोय," थोरले पंच म्हणायचे. "पुरुषांवर भाळणारा. मी आवाजावरून लगेच ओळखतो. असल्यांच्या शब्दाला वजन नसतं."

त्याच गावात रायाजी नावाचा रंगारी होता. बोलताना त्याचे हात हलायचे, शब्दाशब्दाला हेल लांबायचा, आणि नवल वाटलं की तोंडून "अगं बाई!" निघायचं. पोरं त्याची नक्कल करायची. लहानपणी पंतोजींनी छड्या ओढून पाहिल्या, पण हात सुजले तरी हेल काही गेला नाही.

हा रायाजी मानकोजी लोहाराच्या घरात राहायचा. मानकोजीचा आवाज म्हणजे नुसता ढोल. त्याच्याबद्दल कुणाच्या मनात कसली शंका नव्हती. "लोहाराचं मन मोठं हं, बिचाऱ्या रंगाऱ्याला आसरा दिलाय," असं लोक म्हणायचे. आसरा कसला डोंबलाचा! दोघं एका चुलीवर जेवत होते, एकमेकांची दुखणीखुपणी काढत होते आणि एकमेकांवर जीव टाकत होते. पण गाव फक्त आवाज ऐकत बसलं होतं.

एके दिवशी भर दुपारी गावाचं धान्याचं कोठार पेटलं. वर्षाचं धान्य जळून गेलं. कोठाराची राखण करणारा कोठारी पडद्यासमोर छाती काढून उभा राहिला.

"लोहाराच्या भट्टीतली ठिणगी उडाली! मी या डोळ्यांनी पाहिलं!" तो गरजला.

पंचांना तो आवाज एकदम पटला. गावाचं अन्न जाळणाऱ्याला कायमचं वेशीबाहेर काढायचं, असा तिथला कायदा होता.

"माझी भट्टी आज पेटलेलीच नव्हती," मानकोजी म्हणाला.

"आरोपीचा शब्द एकटा चालत नाही. साक्षीदार आहे कुणी?"

"मी आहे ना!" रायाजी धावत पुढे आला. "अगं बाई, मी तिथंच समोर कापडं वाळत घालत होतो. हा कोठारी काय करत होता ते मी..."

पडद्यामागे हसण्याचा स्फोट झाला. थोरल्या पंचांना तर ठसकाच लागला.

"पुरुषासारखं बोलायचं असेल तर बोल," ते म्हणाले, "नाहीतर घरी जा. दुसरा साक्षीदार असेल तर आणा."

मानकोजीला बाहेर काढलं तर रायाजी कुणाच्या तोंडाकडे बघून जगणार होता? मग त्याला असा संताप आला की कानशिलं तापली. गाव त्याची नक्कल करायचं, पण नक्कल त्यालाही येते हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानं छाती भरून घेतली, हनुवटी खाली दाबली आणि थेट पंतोजींचा खर्जातला आवाज काढला.

"रामराम पंच! मी घोड्यांचा व्यापारी. वाटेनं जाताना मी सगळं पाहिलं. आभाळातून एक बगळा आला. त्याच्या चोचीत जळती काडी होती. ती त्यानं कोठारावर टाकली."

समोरच्या बायांनी तोंडात पदर कोंबले. पुरुष एकमेकांच्या पाठीमागे लपून हसू लागले. पडद्यामागे मात्र गंभीर कुजबुज चालली होती.

"बगळा... होऊ शकतं."

"आवाज बघा कसा खणखणीत! असा माणूस थापा कशाला मारेल?"

"ठीक," थोरले पंच म्हणाले. "लोहार निर्दोष. सोडा त्याला."

रायाजीनं सुटकेचा श्वास टाकला. आता गप्प राहिलं की झालं. पण मानकोजी जागचा हलला नाही.

"राया," तो म्हणाला, "उसन्या आवाजानं मला सुटायचं नाही. तुझ्या आवाजात सांग."

"अरे वेड्या, गावाबाहेर काढतील तुला!"

"काढू देत. तुझा शब्द थुंकून टाकणाऱ्या गावात मला राहायचंच नाही."

रायाजीनं डोळे पुसले. मग त्यानं पुढे होऊन पडद्याला असा हिसडा दिला की तो टर्रकन फाटून खाली आला. उजेडात पंच डोळे किलकिले करून बसले.

"बघा नीट! घोड्यांचा व्यापारी मीच. जाड आवाजात थाप मारली ती गपकन गिळलीत, आणि माझ्या आवाजात खरं सांगायला आलो तर हसलात! आता ऐका. या कोठाऱ्यानं जळती चिलीम पेंढ्यावर झटकली. विझवायला वाकला तेव्हा त्याची मिशी जळाली. म्हणून तोंडावर उपरणं गुंडाळून हिंडतोय. काढा ते!"

लोकांनी उपरणं ओढलं. अर्धी मिशी गायब होती. कोठाऱ्यानं मान खाली घातली.

"पण तू... तू तर तसला..." थोरले पंच चाचरले.

"हो, तसलाच! पुरुषावर जीव आहे माझा. मग?"

"आणि तो पुरुष मी," मानकोजी गरजला. "इतकी वर्षं माझा आवाज ऐकताय. ओळखलंत कधी?"

"आणि मी हो?" गर्दीतून एक आजोबा चिरक्या आवाजात ओरडले. "जन्मभर मला तसला म्हणालात. माझी म्हातारी विचारतेय, मग ही घरभर पोरं आणली कुठून?"

सगळं गाव खदखदून हसलं. पंच तेवढे हसले नाहीत.

निवाडा बदलला. स्वतःच्या शेतात पिकवून कोठार पुन्हा भरायची शिक्षा कोठाऱ्याला झाली. मग थोरल्या पंचांनी घसा खाकरला. "बरं, रायाजी, तुझ्या बोलण्यातली चूक आम्ही पोटात घालतो."

"अगं बाई! माझी चूक?" रायाजीनं कमरेवर हात ठेवले. "चूक तुमची, माफीही तुम्हीच मागायची. मला घाई नाही, मी इथंच उभा आहे."

मानकोजी येऊन त्याच्या शेजारी उभा राहिला. चिरक्या आवाजाचे आजोबा आले. मग एकेक करून सगळं गाव येऊन उभं राहिलं. थोरले पंच इकडेतिकडे बघत राहिले. शेवटी कपाळावरचा घाम पुसत ते उठले आणि म्हणाले, "चुकलो, रायाजी."

त्या वेळी त्यांचा आवाज अगदी बारीक निघाला. पण कुणीही हसलं नाही.

बोध: दुसऱ्याचा आवाज सुधारायला निघण्याआधी आपले कान तपासून घ्यावेत.