हातधऱ्या कडा

जरा पुढे या, पण लेकरांचे हात सोडू नका. हा समोरचा काळा, उभा खडक म्हणजे हातधऱ्या कडा. आमच्या गावात कुणी कुणाला काही वरून टाकत नाही. वाणी पोराला लिमलेटची गोळीसुद्धा तळहातावर टेकवून देतो. त्याचं मूळ या कड्यात आहे, असं सांगतात.

फार पूर्वी कड्यावरच्या देवीच्या जत्रेला डोंबाऱ्याचं एक बिऱ्हाड येई. बाप ढोलकं वाजवी आणि त्याची लहानगी रेशी दोरावर चाले. ती दोरावर असेतोवर सारं गाव टाळ्या पिटे. खाली उतरली की बाया आपापली पोरं मागं ओढत. खाऊ मिळे, पण हातभर उंचीवरून टाकलेला. रेशी तो हवेतच झेलायला शिकली होती. लोकांना वाटे, हाही खेळच. पण मातीत पडलेलं वाकून उचलणं तिला नको वाटे, एवढंच.

एका जत्रेत पाटलांची छोटी गोदू करडामागं धावताना कड्यावरून घसरली आणि खालच्या कपारीत अडकली. खडक इतका ठिसूळ, की मोठ्या माणसाचं वजन पेलेना. रेशीनं बापाकडं पाहिलं. त्यानं खेळाचा दोर तिच्या कमरेला आवळला, दुसरं टोक गावकऱ्यांच्या हाती दिलं आणि ढोलकं गळ्यात अडकवलं. ठेका थांबला की पोरीचं पाऊल चुकतं, हे त्याला ठाऊक होतं. डुग्-डुग्, डुग्-डुग्! त्या ठेक्यावर रेशी सरसर खाली गेली, म्हणे.

"हात दे गं."

गोदूनं दोन्ही हात पाठीशी लपवले. "तुला शिवायचं नाही. आई मारते."

"अगं बये, आधी वर तर चल! मग आईला घालू दे तुला दोनदा आंघोळ!"

पोर हलेना. कपारीतले दगड सुटायला लागले. वर पाटलीणबाई थिजून उभी होती. आपण शिकवलेलं लेकीनं किती नीट पाठ केलंय, ते तिला आज दिसलं. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "हात धर, गोदू! तिचा हात धर!" समोरच्या डोंगरानंही तेच म्हटलं, हात धर... हात धर...

गोदूनं हात धरला.

दोघी वर आल्या आणि एकच जल्लोष झाला! ढोलकं नुसतं उधळलं. पाटलीणबाईनं रडत रडत देवीपुढचा गुळाचा खडा उचलला, रेशीच्या तळहातावर नेला आणि सवयीनं हातभर वरूनच सोडला.

रेशीनं झेलला नाही. खडा मातीत पडला. ढोलकं थांबलं.

"हा खेळ आता मी नाही खेळायची, पाटलीणबाई."

पाटलीणबाई घुटमळली. सारं गाव बघत होतं. मग तिनं दुसरा खडा घेतला, रेशीचा हात आपल्या हातात धरला, गूळ त्यावर टेकवला आणि स्वतःच्या बोटांनी तिची मूठ मिटली. बापानं अशी थाप मारली, की कडा घुमला!

आजही जत्रेचा पहिला गूळ डोंबाऱ्याच्या लेकराच्या हातावर टेकवतात. मग गावची सारी पोरं हात धरून कड्याकडं ओरडतात, "हात धर!" डोंगर ओ देतो. आणि गर्दीत एखादी आई डोंबाऱ्याच्या पोरापासून आपलं लेकरू मागं ओढताना दिसली, की ढोलकं थांबतं. ती हात सोडेपर्यंत जत्रा पुढं सरकत नाही.