दगड झालेल्या राजाचा सूर

एका राज्यात, जिथे नद्यासुद्धा लयीत वाहत, धवलसेन नावाचा राजा होता. त्याने डोंगरातल्या कालकेतू मांत्रिकाची सोन्याची वीणा जिंकून आणली आणि खजिन्यात कुलूपबंद केली. मांत्रिकाने शाप दिला, "सूर कोंडणाऱ्याचे अंग दगड होवो." दुसऱ्याच दिवशी राजाची पावले दगडाची झाली. मग गुडघे, मग कंबर.

वैद्य हरले. सात दरबारी गवई राजासमोर चढाओढीने ताना घेऊ लागले. प्रत्येक तानेला दगड केसभर वर चढे. गवयांना वाटे, आपण कमी पडतो आहोत, आणखी वेगाने गायला हवे.

तंबोरे दुरुस्त करणारी सगुणा हे रोज पाही. पुरात तिचे गाव बुडाले, तेव्हा याच राजाने स्वतः नाव वल्हवून तिला वाचवले होते. दगड गळ्याशी पोचला की राजा संपणार, हे तिला कळत होते.

एके सकाळी खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "बाई, नुसती बघत काय बसलीस? रानातल्या राक्षसिणीच्या वेलीचा भोपळा आण, मांत्रिकाकडची तार आण. त्यांचा तंबोरा कर आणि राजाला गायला लाव. दुसरे गातात तितका त्याचा सूर आत कोंडतो."

"राजाने ऐकायचे, गायचे नाही, अशी इथली रीत आहे."

"मग रीतीचाही पुतळा करा. राजाशेजारी शोभेल."

सगुणा निघाली. राक्षसिणीला बारा वर्षे झोप नव्हती. ती गुरगुरली, "आधी तुला खाते."

"खा हो, पण क्षणभर डोळे मिटा." सगुणाने तिच्या धापेच्याच लयीत अंगाई धरली आणि लय हळूहळू उतरवत नेली. तशी धापही उतरली. राक्षसीण घोरू लागली आणि भोपळा वेलीवरून अलगद सुटला.

कालकेतू रागाने धुमसत बसला होता. सगुणाने तार मागितलीच नाही. विचारले, "बाबा, त्या वीणेवर काय वाजत असे?"

"माझी लेक वाजवायची. गेली ती." तो लेकीची धून गुणगुणू लागला आणि पहिल्यांदाच रडला. त्याच्या आसवांची तार झाली. "घेऊन जा, मुली. शाप आता माझ्या हाती नाही, राजाच्या गळ्यात आहे."

भोपळ्याला ती तार चढवून, तंबोरा करून ती परतली तेव्हा दगड छातीपर्यंत आला होता. राजाचा श्वास तुटत होता. तिने गवयांना गप्प केले आणि त्या श्वासाच्याच लयीत तंबोरा छेडला.

"महाराज, माझ्याबरोबर सा लावा."

"राजे गात नसतात."

"मग राजांनी मरायचे तेवढे?"

राजाने कसाबसा सूर लावला. इतका बेसूर, की पागेतले घोडे बिथरले. मुख्य गवयाने कान झाकले.

"सूर चुकू द्या, महाराज. श्वास चुकवू नका."

राजा पुन्हा गायला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी छातीवरचा दगड तडकला, कंबर मोकळी झाली, पायाची बोटे हलली. राजा हसत उठला आणि स्वतः डोंगर चढून वीणा कालकेतूच्या हाती देऊन आला. दोघे दिवसभर तिथे गात बसले होते म्हणतात.

तेव्हापासून त्या राज्यात आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस दोन प्रश्न विचारतो: औषध घेतलेस का, आणि आज गायलास का?