चार थेंब एरंडेल

"कळा येत नाहीत म्हणजे काय, आजी? मी सगळं केलंय."

सुगंधाने हे उंबऱ्यातच उभं राहून विचारलं. ठकूआजी भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि मग मान वळवली.

"सगळं म्हंजी?"

ठकूआजी डोंगरावरच्या वाड्यांची सुईण. अर्धी वाडी तिच्या हातांत जन्मली होती. सुगंधा तिच्या हाताखाली तीन वर्षं शिकत होती, खाली आरोग्य केंद्रात जाऊन रीतसर शिक्षणही घेऊन आली होती. पोर हुशार, आणि आपण हुशार आहोत हे एक क्षणही न विसरणारी.

परवा तिने भर पारावर सांगून टाकलं होतं, "वैजंता गुरुवारी मोकळी होणार. नाही झाली, तर मी पुन्हा कुणाच्या बाळंतपणाला हात लावणार नाही."

आज बुधवार होता.

"रोज विहिरीपर्यंत चार खेपा चालवलं," सुगंधा सांगू लागली. "देवळाच्या पायऱ्या चढवल्या. उकिडवं बसवून अंगण सारवून घेतलं. खजूर दिला, तीळगूळ दिला, कढत पाण्याने अंघोळ घातली. दिवस भरून वर तीन दिवस झाले, आणि ती आहे तशीच आहे."

"डाक्टरीनबाई काय म्हनली?"

"काल तपासलं त्यांनी. बाळाचे ठोके छान आहेत. शुक्रवारपर्यंत वाट बघा, नाहीतर भरती व्हा, म्हणाल्या." सुगंधाने पिशवीतून बाटली काढली. "आता हे एकच राहिलंय. एरंडेल. देऊ का?"

"बाईंना इचारलं?"

सुगंधाने मान खाली घालून बाटली पुढे केली.

आजीने बूच काढून वास घेतला. "चांगलं हाय," ती म्हणाली, आणि बाटली कमरेला खोचली. "चल."

भर दुपार होती. घरी वैजंता आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पहिलंच बाळंतपण. डोळे ओढलेले, ओठ सुकलेले. आजीने तिच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग कोपऱ्यात जाऊन बसली.

सुगंधा वाट पाहत राहिली. आजी काहीच करीना.

दार करकरलं. सासू आत आली. "काय वाटतंय का गं?"

"न्हाय अजून."

थोड्या वेळाने दार पुन्हा करकरलं. जाऊ आली. तिनेही तेच विचारलं. मग शेजारीण, तिच्या मागून तिची नणंद. दार इतकं वाजे की अंगावर काटा यावा.

पुन्हा एकदा करकरलं. वैजंताने डोळेही उघडले नाहीत. "न्हाय अजून," ती म्हणाली.

मांजर होतं. ते तिच्याकडे बघत उभं राहिलं आणि आल्या वाटेने निघून गेलं.

सुगंधाला हसू आलं. आजीचा चेहरा पाहून ते जिरलं.

"ही झोपली कधी?" आजीने विचारलं.

सुगंधाने वही उघडली. वहीत विहिरीच्या खेपा होत्या, खजूर होते, पायऱ्या होत्या. तिने पानं पुढे उलटली, मागे उलटली. झोपेची नोंद कुठेच नव्हती. तिला फार लाज वाटली.

आजीने कमरेची बाटली काढली. सुगंधा लगबगीने चमचा घेऊन आली. आजी तिच्या बाजूने गेली ती थेट दारापाशी. दाराला बिजागऱ्या दोन. वरच्या बिजागरीत दोन थेंब, खालच्या बिजागरीत दोन. तिने दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

हूं नाही की चूं नाही.

"आजी, उद्या गुरुवार आहे," सुगंधा रडकुंडीला येऊन म्हणाली.

"व्हय. बुधवारच्या म्होरं त्योच येतुया."

वैजंता डाव्या कुशीवर कलंडली. घटकाभराने सासू परत आली. दार वाजलं नाही, सुनेची मान वळली नाही. सासू जरा वेळ तशीच उभी राहिली. तीन दिवसांत पहिल्यांदाच ती काही न विचारता माघारी गेली.

सुगंधा उशाशी बसून होती, हात मांडीवर ठेवून. काहीही न करण्याएवढं कठीण काम तिने आजवर केलं नव्हतं.

वैजंता उठली ती दिवेलागणीला. भात मागितला. अर्धी ताटली संपवली आणि घास हातातच राहिला.

"आजी..."

आजीने तिच्या पोटावर हात ठेवला. या खेपेला हात लगेच उचलला. "जीप बोलवा," ती म्हणाली.

गुरुवारी कोवळ्या उन्हात, खालच्या आरोग्य केंद्रात, मुलगी झाली. डोकं बाहेर आलं ते सुगंधाच्या हातांत. असा काही आवाज लावला पोरीने की व्हरांड्यात बसलेला बाप उठून उभाच राहिला. जीप वाडीवर परतली तेव्हा हलगी वाजत होती, आणि बापाने घराघरांत जिलेबी वाटली. पारावरची म्हातारी माणसं उठून सुगंधापाशी आली. "पोरीनं शबूद राखला," सगळी म्हणू लागली. सुगंधाचा ऊर आनंदाने भरून आला. सगळे एकच विचारत होते, कसं जमवलंस?

तिला सांगता येईना. ती गर्दीतून निघाली आणि आजीच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. या वेळी तिने आधी 'आत येऊ का?' असं विचारलं.

आजी भाकरी थापत होती.

"आजी, लोकांना नको, मला तरी खरं सांग. कशानं आल्या कळा? चालण्यानं? खजुरानं? झोपेनं? का यायच्याच होत्या?"

आजीने भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

"तुझ्याच एरंडेलानं गं," आजी म्हणाली. "चार थेंब पुरलं."