रायाजीची जगप्रदक्षिणा

जनावरं माणसांपेक्षा जास्त बोलायची ना, तेव्हाची ही गोष्ट. एका तेलघाण्याला रायाजी नावाचा बैल होता. डोळ्यांना झापड बांधून दिवसभर गोल फिरायचा आणि झापड सुटली की छाती काढून सांगायचा, "बारा कोस झाले आज. जग पालथं घातलंय आपण."

एका वर्षी गावचं तळं आटलं. चिंगी शेळीची दोन्ही पिल्लं तहानेने मान टाकायला लागली. ती घाण्यावरून सुटलेल्या रायाजीकडे आली.

"दादा, नदीची वाट माहितीये?"

"मला विचारतेस? माझ्याएवढं चाललंय कोण?"

निघाली वरात. थोड्या वेळाने एक वाकडी बाभळ लागली. आणखी थोड्या वेळाने परत वाकडी बाभळ.

"दादा, ही मघाचीच ना?"

"घराबाहेर कधी पडलीस गं तू? जगात वाकड्या बाभळी ढिगाने असतात."

तिसऱ्यांदा बाभळ आली आणि धाकटं पिल्लू तिथेच कोसळलं. चिंगी थांबली, रायाजी मात्र पुढे चालतच राहिला. वर फांदीवर एक बगळा बसला होता, पायांना ओला चिखल.

"बगळेभाऊ, मला काही माहीत नाही. पाय कुठे भिजवलेत तेवढं सांगा."

बगळ्याने चोच टेकाडाकडे केली. नदी टेकाडामागेच होती. चिंगीने धाकट्याला डोक्याने ढकलत तिथवर नेलं आणि तिघं पोटभर पाणी प्यायली.

संध्याकाळी तिघं परतली, तर रायाजी बाभळीभोवती फिरतच होता.

"आलात? चला, अर्धं जग संपलंय."

चिंगी पिल्लांच्या कानात म्हणाली, "नमस्कार करा काकांना. झापड सुटलीये त्यांची, पण त्यांना अजून कळलेलं नाही."