सर्वांत खालचा दगड

खूप खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्या राज्याचे नावही आज कुणाला ठाऊक नाही. लहानांनी ती गंमत म्हणून ऐकावी. मोठ्यांनी जरा जपून ऐकावी.

त्या राज्यात एक राजा होता. लढाईत शूर, न्यायात कठोर आणि लेकीपुढे अगदी मेण. लेकीचे नाव केतकी. ती पाळण्यात असतानाच राणी वारली. तेव्हापासून सुंदराई नावाच्या दाईने तिला मांडीवर वाढवले आणि राजाने खांद्यावर. दरबार भरलेला असला तरी केतकी धावत येई, सिंहासनावर बापाला सरकवून स्वतःपुरती जागा करी आणि प्रधानजींना विचारी, “तुम्ही झोपता तेव्हा मिशा पांघरुणाच्या आत ठेवता की बाहेर?” सगळा दरबार हसे, आणि राजा सगळ्यांत मोठ्याने.

केतकी नऊ-दहा वर्षांची झाली आणि तिला ताप येऊ लागला. तो येई, जाई, पुन्हा येई, आणि जाताना दर खेपेला तिला थोडी आणखी हलकी करून जाई. शेवटी ती अंथरुणाला खिळली. राज्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या वैद्याने तिची नाडी पाहिली आणि राजाला बाहेर सज्जात नेले.

“महाराज, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. उन्हाळ्याच्या पुढचं मला काही दिसत नाही. आता तिला औषधापेक्षा माणूस हवं. जवळ बसा तिच्या.”

राजा जवळ बसला. पण तिचा हात हातात घेतला की तो केवढा बारीक झाला आहे हे कळे, आणि राजाला तिथे बसवेना. समोर शत्रू असता तर त्याने तलवार उपसली असती. इथे नुसते बसायचे होते, आणि नुसते बसायला राजाला कुणी कधी शिकवलेच नव्हते.

म्हणून त्याने करण्यासारखे काहीतरी शोधून काढले. पाथरवटांचा मुखिया रायाजी याला त्याने टेकडीवर बोलावून घेतले.

“इथे एक स्तंभ उभारायचा. त्यावर केतकीचं नाव कोरायचं. तो कधीही पडता कामा नये.”

“कधीही म्हणजे किती वर्षं, महाराज?”

“कधीही म्हणजे कधीही!”

रायाजीने पायाने जमीन चाचपली. “वरच्या मातीचा काय भरवसा? पाया पक्क्या दगडात घ्यायला हवा.”

“मग पक्का दगड लागेपर्यंत खण,” राजा म्हणाला.

खोदकाम सुरू झाले. माती उपसता उपसता मजुरांच्या कुदळी कशावर तरी खणकन आपटल्या. पाहतात तो जात्याच्या तळीएवढा एक दात! त्याच्या आसपास खांबांसारखी हाडे. एके काळी तिथे हत्तींचे कळप चरत असले पाहिजेत, आणि तेही आजच्या हत्तींना पिल्लू म्हणावे असे. राजा तो दात स्वतः उचलून केतकीकडे घेऊन गेला.

केतकी उठून बसली. कित्येक दिवसांत ती आपणहून उठली नव्हती. “अगं बाई! एवढा दात? मग हा किडला तर बिचारा केवढ्यानं रडत असेल! आणि बाबा, त्याचा वैद्य शिडी लावून तोंडात चढत असेल का?”

राजा हसला. सुंदराईही तोंडाला पदर लावून हसली.

“म्हणजे आपल्याआधी इथे हत्तींची राजवट होती,” केतकी म्हणाली. “आणि त्यांच्याआधी?”

“ते अजून खणलं की कळेल.”

मातीखाली काळा पाषाण लागला. रायाजी खूश झाला. “महाराज, यावर किल्ले उभे राहतात. इथे पाया घेऊ या.” पण राजाने तो दगड निरखून पाहिला. त्यात बारीक बारीक पोकळ्या होत्या, उकळत्या पाण्यावर बुडबुडे यावेत तशा. “हा कधीतरी वितळून वाहिलेला आहे,” राजा म्हणाला. “जो एकदा वाहिला तो पुन्हा वाहील. खाली चला.”

ते ऐकून केतकीने टाळी वाजवली. “धरणीची खीर उतू गेली असणार! आणि सुंदराईसारखीच तीही मग ओरडली असेल, कुणाचं लक्ष होतं चुलीकडे म्हणून.”

काळा पाषाण फोडायला फार दिवस लागले. राजा सकाळी खड्ड्यात उतरे तो दिवस मावळता वर येई. त्या पाषाणाखाली जे सापडले ते पाहून मजूर कुदळी टाकून पळाले. घराएवढ्या पालींची हाडे होती ती. मांडीच्या एका हाडावर चार माणसे ओळीने बसू शकली असती. शेजारीच गोल गोल अंडी, दगड होऊन गेलेली, घरट्यात मांडून ठेवल्यासारखी. त्यातले एकही फुटले नव्हते.

त्यातले एक अंडे घेऊन राजा लेकीकडे आला. ती पडूनच होती. तिने अंड्यावरून बोट फिरवले.

“हे इतके मोठे होते, तर यांचा राजा केवढा असेल!”

“असेल आपल्या महालाएवढा.”

“त्याचं नाव काय होतं?”

“कुणाला ठाऊक, बाळ.”

केतकीने अंडे कुशीत घेतले. मग म्हणाली, “म्हणजे एवढा मोठा होता तरी त्याचं नाव राहिलं नाही. असू दे. त्याच्या पिल्लांनी तर त्याला नुसतं बाबाच म्हटलं असेल ना!” आणि तिने राजाची बाही धरली. “उद्या खाली जाऊ नका. मला यांची गोष्ट सांगा. खरी नाही माहीत तर खोटी सांगा.”

राजाच्या काळजात काहीतरी हलले. पण त्याच्या मनात एकच वाक्य घर करून बसले, त्याचे नाव राहिले नाही. तो तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, “एवढा एक थर झाला की बसतो हं. मग मी कुठ्ठेही जाणार नाही.”

तो थर झाला, आणि त्याखाली दुसरा निघाला.

आता खड्डा इतका खोल गेला होता की वर येण्याजाण्यातच अर्धा दिवस जाई. राजाने खालीच डेरा टाकला. कोळशाचा थर लागला, आणि त्यात पानांचे ठसे, जिभेच्या आकाराचे, एकेक शीर स्पष्ट दिसणारे. सूर्य पाहून युगे लोटली तरी पान ते पानच होते. राजाला ते फार सुंदर वाटले. त्याने एक ठसा जपून कापडात गुंडाळला आणि सेवकाच्या हाती वर पाठवला. “केतकीला म्हणावं, ही पानांची राजवट.”

सेवक परत आला. राजाने विचारले, “काय म्हणाली?”

“छान आहे म्हणाल्या, महाराज.”

“आणखी काही? काही गमतीचं?”

सेवकाने मान खाली घातली. “तुम्ही का आणलं नाही, ते विचारत होत्या.”

रायाजीलाही लेकी होत्या. त्या दिवशी त्याने धीर करून राजाला म्हटले, “महाराज, वर जाऊन या. खोदकाम मी बघतो. दगड कुठे पळून जात नाहीत.”

राजा भडकला. “दगड पळत नाहीत, पण दिवस पळताहेत! ती असेपर्यंत तिला सांगायचं आहे मला, की तुझं नाव कधी पुसलं जाणार नाही. तू हात चालव.”

कोळशाखाली समुद्र निघाला. पाणी नव्हे, दगड झालेला समुद्र. वाळूवर लाटांनी उमटवलेल्या रेघा तशाच होत्या, त्यांत शिंपले होते, गोगलगायी होत्या आणि एक वीतभर मासा होता, पोहता पोहता थांबल्यासारखा. राजाने मासा वर पाठवला. या वेळी सेवक परतला तेव्हा राजाने काही विचारले नाही आणि सेवकाने काही सांगितले नाही.

मग सुंदराई स्वतः आली. खड्ड्याच्या कडेने खोदलेल्या एवढ्या पायऱ्या ती भिंतीला धरत धरत उतरली होती.

“महाराज, चला. ती दाराकडे बघत असते. कुणाचं पाऊल वाजलं की बाबा आले म्हणते.”

“सुंदराई, बस थोडंच राहिलं आहे. रायाजी म्हणतो, खालचा दगड आवाजाला वेगळा लागतो आहे. उद्या-परवा काम झालं की मी आलोच.”

“महाराज, तिनं नाव मागितलं होतं का तुमच्याकडे?”

 राजा पुन्हा दगडाकडे वळला. सुंदराई आली तशी एकेक पायरी चढत वर गेली.

आणि खरोखरच तो दगड लागला. करडा, अंगात लालसर झाक, उन्हाचा कवडसा पडला की चमचमणारा. त्यात शिंपला नव्हता, पान नव्हते, हाड नव्हते, बुडबुड्याची खूणही नव्हती. रायाजीने घणाचा घाव घातला तर घणच उसळून मागे आला. “महाराज, याच्याखाली काही नाही. हा पहिला दगड. कुणीही जन्मायच्या आधीचा.”

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. “मग स्तंभ कशाला? नाव इथेच कोरायचं. आणि मीच कोरणार.” त्याने रायाजीच्या हातून छिन्नी घेतली. दगड कठीण होता आणि राजाचे हात मऊ होते. बोटांतून रक्त आले तरी तो थांबला नाही. पहिले अक्षर झाले, दुसरे झाले, तिसरे झाले. शेवटची वेलांटी वळवताना त्याला पायऱ्यांवर पाऊल वाजलेले ऐकू आले. सुंदराई होती. ती मध्येच एका पायरीवर बसली होती.

राजा आनंदाने ओरडला, “झालं बघ! पळत जा आणि तिला सांग. नाही, थांब, मीच येतो. मीच सांगतो तिला!”

सुंदराई म्हणाली, “कुणाला सांगणार, महाराज?”

राजाच्या हातातली छिन्नी तशीच राहिली. रायाजीने डोक्याचे पागोटे काढले. 

“काही म्हणाली का?” राजाने विचारले. 

“मासा हातात घेऊन होती. म्हणाली, याला पापण्या नाहीत, मग हा झोपायचा कसा? मी म्हटलं, मला बाईला काय कळतं. तर म्हणाली, बाबांना विचारू, ते येतीलच एवढ्यात.” सुंदराईने पदराने तोंड पुसले. “रागावली नव्हती हो. तुमची वाट बघत होती एवढंच.”

राजा वर आला. ज्या दाराकडे ती डोळे लावून होती त्या दारातून तो आत गेला आणि तिच्या पलंगाशी बसला. आता त्याला बसता येत होते. दिवसभर बसता येत होते. पण ऐकायला कुणी नव्हते.

पावसाळा आला. डोंगराचे पाणी उतरले आणि तो खड्डा काठोकाठ भरला. त्याचा डोह झाला. राजाचा वंश बुडाला, राज्य मोडले, महालाची माती झाली. पुढे हत्तींच्या आणि पालींच्या शेजारी त्या राजाच्या राजवटीचाही एक पातळसा थर झाला असेल. नाव मात्र राजाला हवे होते तसेच खाली अजून असेल, एक रेघही न झिजलेले. ते कुणी कधी वाचले नाही आणि पुढेही वाचणार नाही.

सांगतात, की राजा म्हातारा झाल्यावर कुणी दरबारात येऊन घरी मूल आजारी आहे म्हटले, तर तो त्याला पुढे बोलूच देत नसे. “काम राहू दे,” म्हणे. “आधी घरी जा. काही सुचलं नाही तर नुसता बस.”

तात्पर्य: आपल्या माणसाचे नाव युगानुयुगे टिकावे म्हणून झटण्यापेक्षा, ते माणूस आहे तोवर त्याच्याजवळ बसावे.