एका पोळ्याच्या तीन शिक्षा

जंगलाला कुंपण नव्हतं आणि वाघांना कुणी मोजत नव्हतं, त्या काळची गोष्ट. शहाण्यांनीही ऐकायला हरकत नाही, मी कुणाला सांगणार नाही.

एका रानात वाघ राजा होता. गुन्हेगाराला तो गुहेत कोंडायचा. एका गुन्ह्याला एक पावसाळा.

एकदा रानमांजरानं तीन वेगवेगळ्या दिवशी तीन घरटी लुटली. निवाड्याच्या वेळी वाघाला झोप आली होती. तुमच्या पंचांना येते, तशीच. जांभई देत तो म्हणाला, "तीन पावसाळे. पण सगळे एकदमच भोग."

म्हणजे झाला एकच पावसाळा! मांजर मिशा फेंदारत बाहेर आलं. "तीन चोऱ्या आणि कैद एकीचीच! आता जास्त लुटतो." आणि बोलल्याप्रमाणे ते रोज एक घरटं लुटत सुटलं.

वाघ चवताळला. "आजपासून कुणाचीच शिक्षा एकदम नाही! एक संपली की दुसरी!"

आणि नेमकं सापडलं कोण? अस्वल. त्यानं मधाचं एक पोळं पाडलं होतं.

दरबारात घुबड कारकून होतं. फार शिकलेलं, त्यामुळे एकाचे तीन करण्यात पटाईत. "फांदी मोडली, पोळं पाडलं, मध खाल्ला. गुन्हे तीन, पावसाळे तीन!"

पिल्लाला पाठीवर घेऊन अस्वलीण पुढे आली.

"महाराज, एका पावसाळ्यानं हे पोर बापाला ओळखेल तरी. तीन पावसाळ्यांनी ते मोठं होऊन रान सोडून गेलेलं असेल. मग बापानं वारूळ फोडायला शिकवायचं कुणाला?"

"त्या मांजरानं माझं हसं केलंय!" वाघ गुरगुरला.

"मग त्याचा राग आमच्या ह्यांच्यावर का? मांजर दर वेळी नव्यानं चोरीला निघालं. दर वेळी त्याला मागं फिरता आलं असतं. हे एकदाच झाडावर चढले. आणि पाडलेला मध खायचा नाही, तर काय घुबडरावांच्या पिसांना चोपडायचा?"

सभा खिदळली. घुबड भलतीकडेच बघू लागलं. वाघ मात्र हसला नाही. तो आपला पंजा चाटू लागला.

"मांजराच्या वेळी मी नीट बघितलंच नाही," तो म्हणाला, "आणि आता जो समोर येतो त्याच्यात मला मांजरच दिसतंय."

अस्वलाच्या तिन्ही शिक्षा एकाच पावसाळ्यात सरल्या. पुढे मांजर पकडलं गेलं, तेव्हा त्याला मात्र नव्या चोऱ्यांचे पावसाळे एकामागून एक भोगावे लागले. ते बाहेर आलं, तेव्हा घरट्यापर्यंत उडी पोचत नव्हती.

आणि अस्वल सुटलं त्या दिवशी पिल्लू आधी आईमागे लपलं. मग त्यानं बापाला हुंगलं, आणि त्याच्यामागून दुडदुडत निघालं.

तात्पर्य: शिक्षा एकदम द्यायची की एकामागून एक, हे समोरच्याची करणी बघून ठरवावं, आपला राग बघून नव्हे.